सबवूफर बदलावा की रिसिव्हर?

हिवरा आश्रम हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव. विवेकानंद आश्रमामुळे आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे बसणाऱ्या प्रचंड पंगतीमुळे ते विदर्भभर माहीत आहे. या गावात राहणारे, गणित शिकवणारे माझे एक स्नेही दिवाळीच्या सुटीत एक प्रश्न घेऊन घरी आले. त्यांच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला होम थिएटर संच आहे. चित्रपटात ढग गडगडले, तरी तो गडगडाट सोफ्यावर बसून जाणवत नाही, अशी त्यांची तक्रार होती. हाताशी पंचवीस हजार रुपये होते. एवढ्या पैशांत एकच वस्तू नवी घेता आली असती. सबवूफर घ्यावा की रिसिव्हर? एका दुकानदाराने सबवूफर सांगितला, दुसऱ्याने रिसिव्हर. "सर, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता. आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

मी म्हटले, "आधी ऐकू तरी द्या." पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. तेथे एक वेगळीच गोष्ट कळली. त्यांच्या आई पूर्वी संध्याकाळी हॉलमधल्या दिवाणावर बसून सर्वांबरोबर टीव्ही पाहत असत. हा संच आल्यापासून त्या हळूहळू आतल्या खोलीत बसू लागल्या होत्या. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "नुसतं घुमते बाप्पा. छातीत धडधड होते. आन् ते काय बोलतात ते मले त काहीच समजत नाही."

पेटी एकच, खोली एकच आणि तक्रारी मात्र एकमेकींच्या अगदी उलट! मुलगा म्हणतो, खर्जाचा आवाज येतच नाही. आई म्हणते, तो सोसत नाही. दोघेही खोटे बोलत नव्हते. हे कोडे सुटले असते, तरच पैसे कोठे खर्च करायचे ते ठरवता आले असते. घाईने मोठा सबवूफर आणला असता, तर आईंचे हॉलमध्ये येणे कायमचेच बंद झाले असते.

दोन पेट्या, दोन कामे

आधी या संचात कोण काय करते ते पाहू. टीव्हीखाली ठेवलेली चपटी पेटी म्हणजे रिसिव्हर. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सकडून आलेल्या अंकीय संकेतातून पाच-सहा वाहिन्यांचे आवाज वेगळे काढणे, कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे जायचा ते ठरवणे आणि त्या संकेतांची शक्ती वाढवणे ही त्याची कामे. सबवूफर ही जमिनीवर ठेवायची मोठी पेटी. फक्त खर्जाचे, म्हणजे साधारणपणे २० ते १२० हर्ट्झ वारंवारतेचे आवाज काढणे एवढेच तिचे काम.

अशा संचाला 'पाच-दशांश-एक' म्हणतात. समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा मागे दोन आणि खर्जाची एक खास वाहिनी. पाच वाहिन्या सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज वाहतात. खर्जाची वाहिनी १२० हर्ट्झपर्यंतच जाते, म्हणून तिला पूर्ण वाहिनी न मानता 'दशांश एक' म्हणायची पद्धत पडली. ही रचना 'डॉल्बी डिजिटल' या नावाने १९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आली. आपल्याकडे 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीतली कानठळ्या बसवणारी स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे पहिले उत्पादन आवाज वाढवणारे नव्हतेच. ध्वनिफितीतली नको असलेली खरखर कमी करणारे ते यंत्र होते!

आता एक महत्त्वाची गोष्ट. सबवूफरच्या मागे पाहा. त्याला भिंतीतल्या प्लगमध्ये लावायची स्वतःची वायर असेल, तर त्याच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर आहे असे समजावे. अशा सबवूफरला रिसिव्हरकडून एका बारीक केबलमधून फक्त क्षीण संकेत मिळतो. रिसिव्हर शंभर वॅटचा असो की दोनशेचा, त्यातला एकही वॅट सबवूफरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे खर्ज कमी वाटतो म्हणून जास्त वॅटचा रिसिव्हर घेणे व्यर्थ. सबवूफरला स्वतःची वायर नसेल, तो रिसिव्हरच्याच अॅम्प्लिफायरवर चालत असेल, तर गोष्ट वेगळी. काही तयार संचांत तशी रचना असते. आमच्या स्नेह्यांच्या सबवूफरला स्वतःची वायर होती. एका दुकानदाराचा सल्ला येथेच बाद झाला.

वॅटचा मोह

दुसऱ्या दुकानदाराने त्यांना पन्नासऐवजी शंभर वॅटचा सबवूफर सुचवला होता. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असे आपल्याला सहज वाटते. कानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप लॉगॅरिदमवर आधारलेले आहे. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. हा फरक कळतो, पण तो फार मोठा नसतो. मधल्या सप्तकातला आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. त्यासाठी शक्ती दसपट करावी लागते. पन्नास वॅटचे पाचशे!

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. गावात संध्याकाळी विजेचा दाब कधी २३० व्होल्टवरून १९० पर्यंत उतरतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते असे धरले, तर ती मूळच्या ६८ टक्के उरेल. ऐकायला केवढे नुकसान वाटते! डेसिबलमध्ये मात्र ही घट पावणेदोनाच्याही आतच आहे.

खर्जाच्या बाबतीत वॅटपेक्षा महत्त्वाची ठरते ती ढकललेली हवा. स्पीकरचा पडदा, म्हणजे तो कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू, पुढेमागे हलून हवा ढकलतो. ६० हर्ट्झऐवजी ३० हर्ट्झचा आवाज तेवढ्याच पातळीवर काढायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर पुढेमागे जावे लागते. वारंवारता निम्मी, हालचाल चौपट. म्हणूनच लहान पेटीचा पडदा खोल खर्ज काढताना आपल्या हालचालीच्या टोकाला जाऊन आपटतो आणि फट्फट आवाज येतो. पडदा आठ इंचांऐवजी बारा इंच व्यासाचा घेतला, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. तेवढ्याच हालचालीत पातळी ७ डेसिबलने वाढते. वॅट दुप्पट करून मिळणाऱ्या ३ डेसिबलशी हे ताडून पाहा. सबवूफर घ्यायचाच झाला, तर वॅटच्या आकड्याआधी पडद्याचा व्यास आणि पेटी किती खालच्या हर्ट्झपर्यंत उतरते हे विचारावे.

पण आमच्या स्नेह्यांचा सबवूफर दहा इंची होता. बेताच्या खोलीला तो पुरायला हवा होता. मग खर्ज जात होता कोठे?

खोली नावाची नळी

आपल्या प्रयोगशाळेतली अनुनाद नळी आठवा. नादकाटा वाजवून नळीवर धरतो आणि पाण्याची पातळी खालीवर करतो. एका ठरावीक लांबीला आवाज एकदम मोठा होतो. बंद खोली हीही एक मोठी नळीच आहे, दोन्ही टोके बंद असलेली. समोरच्या भिंतीकडून निघालेला तरंग मागच्या भिंतीवर आपटून परततो. खोलीची लांबी तरंगलांबीच्या बरोबर निम्मी असली, की जाणारा आणि येणारा तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतो. अशा वेळी भिंतींपाशी हवेच्या दाबातला चढउतार सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. कान दाबातला चढउतारच ऐकतो. म्हणून भिंतीपाशी बसलेल्याला आवाज घुमतो आणि मध्यभागी बसलेल्याला तोच आवाज ऐकू येत नाही.

मोठ्या वारंवारतांना हा त्रास जाणवत नाही. १,००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३४-३५ सेंटिमीटर असते. तिची कमाल आणि किमान स्थाने इतकी जवळजवळ असतात, की मान हलवली तरी जागा बदलते. ४० हर्ट्झची तरंगलांबी मात्र साडेआठ मीटरहून जास्त आहे, म्हणजे हॉलच्या लांबीहूनही मोठी. तेथे किमान स्थान म्हणजे सबंध सोफाच!

हिशोब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरू. हवा तापली की तो थोडा वाढतो. आमच्या स्नेह्यांचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच, म्हणजे साधारण ४.८८, ३.३५ आणि ३.०५ मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागायचे.

लांबीसाठी : ३४५ ÷ ९.७६ = सुमारे ३५ हर्ट्झ
रुंदीसाठी : ३४५ ÷ ६.७० = सुमारे ५१ हर्ट्झ
उंचीसाठी : ३४५ ÷ ६.१० = सुमारे ५७ हर्ट्झ

आता बसण्याची व्यवस्था पाहा. टीव्ही ११ फुटी भिंतीवर. सबवूफर त्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात. सोफा टीव्हीपासून आठ फुटांवर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मधोमध, म्हणजे लांबीच्याही मध्यावर आणि रुंदीच्याही. ३५ आणि ५१ हर्ट्झ, दोन्ही आवाज जेथे नाहीसे होतात नेमकी तीच जागा! आणि आईंचा दिवाण मागच्या कोपऱ्यात, जेथे लांबी, रुंदी अशा दोन्ही दिशांचा चढउतार सर्वांत जास्त. मुलाची तक्रार खरी, आईंचीही खरी. पेटी मात्र निर्दोष.

अशा वेळी शंभर वॅटचा सबवूफर आणून काय झाले असते? जाणारा तरंग मोठा झाला असता, परतणाराही मोठा झाला असता आणि मधोमध त्यांनी एकमेकांना पूर्वीसारखेच नाहीसे केले असते. पाचातून पाच वजा केले काय किंवा पन्नासातून पन्नास, उरते शून्यच. दिवाणावर मात्र आवाज भरपूर वाढला असता.

येथे आमच्या स्नेह्यांनी एक चांगली शंका काढली. "मग उत्सवाच्या मैदानावर असे का होत नाही?" कारण मैदानाला भिंती नाहीत. परत येणारा तरंगच नाही, तर स्थिर तरंग कोठून होणार? उघड्यावर दुसराच नियम चालतो. स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणून मैदानावर मोठ्या पेट्या लागतात किंवा ठिकठिकाणी स्पीकर लावावे लागतात. मैदानावरचा अनुभव घरात लागू करू नये आणि घरातला मैदानावर.

मोबाइलवर करता येणारा प्रयोग

कागदावरचे आकडे पटले, तरी प्रयोग केल्याशिवाय गणिताचे सर ऐकणार थोडेच! एका मोबाइलवर ठरावीक वारंवारतेचा सूर काढणारे फुकट अॅप घेतले आणि तो रिसिव्हरला जोडला. दुसऱ्या मोबाइलवर ध्वनिपातळी दाखवणारे अॅप घेतले. आवाज मुद्दाम कमी ठेवला. शुद्ध सूर बराच वेळ मोठ्याने वाजवला तर स्पीकरची तार तापून जळू शकते, म्हणून एका वेळी आठ-दहा सेकंदच वाजवायचा. ३० पासून ८० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी गेलो आणि प्रत्येक सुराला सोफा व दिवाण या दोन जागी वाचन घेतले.

मोबाइलचा मायक्रोफोन खर्जाला कच्चा असतो, त्याचे आकडे खरे कसे मानायचे, असे विद्यार्थी विचारतील. विचारायलाच हवे. ४० हर्ट्झचे वाचन ८० हर्ट्झच्या वाचनाशी ताडणे चूक ठरेल, कारण दोन्हींना मायक्रोफोनची चूक सारखी नाही. पण एकाच सुराची दोन जागांची वाचने ताडली, तर चूक दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. उपकरण अचूक नसतानाही तुलना बिनचूक कशी करावी, याचा हा छान धडा आहे. अॅपमध्ये 'ए' आणि 'सी' अशा मापनपट्ट्या असतील तर 'सी' निवडावी. 'ए' पट्टी कानाच्या स्वभावानुसार खर्ज वजा करते. ३१.५ हर्ट्झला तर ती सुमारे ३९ डेसिबल वजा करते.

निकाल अपेक्षेप्रमाणे आला. ३५ हर्ट्झला सोफा आणि दिवाण यांत दहा डेसिबलहून जास्त फरक होता. ५० च्या पायरीवरही तसेच. ७५-८० च्या आसपास फरक बराच कमी झाला. सर स्वतः सूर चालू ठेवून सोफ्यावरून उठले आणि दिवाणापर्यंत चालत गेले. वाटेत आवाज फुगत गेलेला त्यांनी ऐकला आणि हसूच लागले.

खर्जाला दहा डेसिबल म्हणजे थोडेथोडके नव्हेत. आपला कान खर्जाला मंद आहे. १,००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो, पण ३१.५ हर्ट्झचा सूर ऐकू यायलाच सुमारे ६० डेसिबल लागतात. तेथून पुढे मात्र तो थोड्याशा वाढीनेच फार मोठा वाटू लागतो. त्यामुळे दहा डेसिबलच्या फरकात एका जागी शांतता आणि दुसऱ्या जागी छातीत धडधड, असे होऊ शकते.

फुकटातली दुरुस्ती

खोली मोडता येत नाही, पण ऐकणारा आणि वाजवणारा यांच्या जागा बदलता येतात. आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली, सोफा अडीच फूट मागे घेतला, म्हणजे खोलीच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांशावर. त्यासाठी मागचे जेवणाचे टेबल बाजूला सरकवावे लागले. आता सोफा ३५ हर्ट्झच्या शून्य जागेवर राहिला नाही.

दुसरी, सबवूफर कोपऱ्यातून काढून टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, टीव्हीच्या स्टँडला लागून ठेवला. येथे थोडे थांबून विचार करायला हवा. कोपरा ही अशी जागा आहे, की तेथून खोलीचे सगळेच स्थिर तरंग जोरात उठतात. भिंतीचा मध्य ही रुंदीच्या ५१ हर्ट्झची शून्य जागा. स्थिर तरंगाच्या शून्य जागेवर ठेवलेला स्पीकर तो तरंग उठवूच शकत नाही. झोका जेथे टांगला आहे तेथेच ढकलून पाहा, झोका हलणार नाही. ५१ चा स्थिर तरंगच उठला नाही, म्हणजे दिवाणाच्या कोपऱ्यात त्याचे घुमणे नाही आणि सोफ्यावर त्याचे नाहीसे होणेही नाही.

ज्यांना हिशोब नको, त्यांच्यासाठी एक गमतीची युक्ती आहे. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागी ठेवा, खर्जाचे संगीत लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जा. जेथे खर्ज सर्वांत सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवा. ध्वनिस्रोत आणि श्रोता यांनी जागांची अदलाबदल केली, तरी त्यांच्यामधले ध्वनीचे वहन तेच राहते. हे परस्परतेचे तत्त्व हेल्महोल्ट्झ आणि रॅले या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले. सबवूफर असा कोठेही ठेवता येतो, कारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही. चार मीटरहून लांब तरंगापुढे आपल्या दोन कानांमधले वीतभर अंतर नगण्य ठरते.

शेवटी रिसिव्हरमधली मांडणी तपासली. छोट्या स्पीकरांना 'लहान' असे सांगून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवला. सबवूफरचे बटण पूर्वी खर्ज ऐकू यावा म्हणून जवळजवळ पूर्ण फिरवलेले होते. ते निम्म्यावर आणले. तरीही सोफ्यावर गडगडाट पूर्वीपेक्षा चांगला येऊ लागला.

आईंची दुसरी तक्रार

घुमणे गेले, पण "काय बोलतात ते समजत नाही" ही आईंची तक्रार अजून शिल्लक होती. तिचा संबंध खर्जाशी थोडा आणि निनादाशी जास्त होता. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, सिमेंटचे छत. आवाज यांवर आपटत राहतो आणि एक शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्यात मिसळतो.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाने केला. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नव्हते. शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. १८९५ मध्ये हे काम सबीन यांच्याकडे आले. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, निनाद किती सेकंद टिकतो ते मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्यांचा क्रम असे. गाद्या वाढवल्या की निनाद किती घटतो, याचे सूत्र त्यांना त्यातूनच मिळाले.

आम्हीही सबीन यांचाच मार्ग धरला. जमिनीवर जाड सतरंजी, खिडक्यांना चुण्यांचे जाड पडदे. मधला स्पीकर टीव्हीच्या स्टँडच्या कप्प्यात आत ढकललेला होता, तो पुढे कडेपर्यंत ओढला. संवाद बहुतांशी याच स्पीकरमधून येतात, म्हणून रिसिव्हरमध्ये त्याची पातळी ३ डेसिबलने वाढवली. येथे एक इशारा हवा. सतरंजी आणि पडदे वरच्या स्वरांचा निनाद शोषतात, खर्जाचा नाही. दहा मीटर लांबीच्या तरंगाला पडद्याची जाडी जाणवतही नाही. म्हणून खर्जावर जागाबदल आणि संवादांवर सतरंजी असे दोन वेगळे उपाय करावे लागले.

मग नवीन वस्तू केव्हा घ्यावी?

असे नाही, की जुनी पेटी कधीच बदलू नये. वर सांगितलेले सगळे करून झाल्यावर पुढील कसोट्या लावाव्यात.

सबवूफर बदलावा : ३० ते ४० हर्ट्झचा सूर बेताच्या पातळीवर लावला तरी पडदा फट्फट करत असेल, पेटीच्या भोकातून वाऱ्याचा फस्फस आवाज येत असेल, किंवा ४० हर्ट्झखाली खोलीत कोठेही काहीच ऐकू येत नसेल, तर त्याची मर्यादा आली आहे. हॉल स्वयंपाकघराला उघडा जोडलेला असेल, तर हवेचे आकारमान वाढते आणि लहान पेटी अपुरी पडते.

रिसिव्हर बदलावा : नव्या टीव्हीची केबल त्याला जोडताच येत नसेल, तो आवाजाचे नवे प्रकार ओळखत नसेल, खर्ज सबवूफरकडे वळवण्याची सोय त्यात नसेल, किंवा आपण नेहमी ऐकतो त्या पातळीवर मुख्य स्पीकरमधले संवाद आणि गाणी फाटत असतील तर. काही नवे रिसिव्हर मायक्रोफोनने खोली मोजून आवाजातले फुगवटे आपोआप कमी करतात. ही सोय उपयोगाची आहे. पण फुगवटा कापता येतो, शून्य भरता येत नाही, हे विसरू नये.

काहीच बदलू नये : एका जागी खर्ज घुमतो आणि दुसऱ्या जागी नाहीसा होतो, असे असेल तर. तो दोष खोलीचा आहे.

शेजारच्या घराचाही विचार करायला हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. हे मापन 'ए' पट्टीवर होते आणि ती खर्ज वजा करते, हे आपण पाहिलेच. खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो. मीटर गप्प असले, तरी शेजारच्या घरातल्या तान्ह्या बाळाची झोप मोडलेली असू शकते.

आमच्या स्नेह्यांचा खर्च सतरंजी आणि पडद्यांपुरताच झाला. बाकी पैसे बँकेत राहिले. आई पुन्हा दिवाणावर बसून संध्याकाळचे कीर्तन ऐकतात. परवा मी गेलो, तेव्हा म्हणाल्या, "आता बोलतात ते समजते." माझ्या दृष्टीने प्रयोगाचा खरा निकाल तोच.

शाळेच्या प्रार्थनेचा माइक असो की सभागृहातला स्पीकर, 'नवीन काय घ्यावे' या प्रश्नाआधी 'अडते कोठे' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता आली, तर ती आयुष्यभर पुरेल. सुरुवात करायला हे काही प्रश्न :

१. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. तीन मूळ वारंवारता काढा. त्यांपैकी कोणत्या आवाजात कोणता बाक मधोमध येतो?
२. खोली घनाकृती, म्हणजे तिन्ही मापे सारखी असेल, तर काय होईल? अशी खोली ऐकण्यासाठी वाईट का मानतात?
३. रिकाम्या वर्गात आणि मुले भरलेल्या वर्गात टाळी वाजवून निनाद ऐका. सबीन यांच्या गाद्यांचे काम येथे कोण करते?
४. पंचवीस वॅटऐवजी चाळीस वॅटचा अॅम्प्लिफायर घेतला, तर पातळी किती डेसिबलने वाढेल? त्यापेक्षा स्पीकर मुलांच्या निम्म्या अंतरावर आणून उघड्या मैदानात किती डेसिबल मिळतील?